ओटीवरची न्हाव्याची खुर्ची

सर,

तुमची खुर्ची अजून ओटीवरच आहे. आज रविवार. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून घरी आलो, सवयीने फडकं घेतलं, खुर्चीची पितळी मूठ पुसायला लागलो आणि मध्येच हात थांबला. आज कोणी येणार नव्हतं. तसं मीच कॉलेजात सांगून टाकलं होतं. मोकाशी सर गेले, आता वसईचा रविवार बंद. प्राचार्यांनी मान हलवली. त्यांना फार वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. स्मशानात तिघे-चौघे तुमच्याविषयी बोलले. पदव्या सांगितल्या, कुठल्या कुठल्या समित्या सांगितल्या. हा माणूस स्वतःच्या विद्यार्थ्यांपुढे आ वासून बसायचा, हे एकानेही सांगितलं नाही. मी मागे उभा होतो. तुमच्या पुतण्याने येऊन नम्रपणे विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "विद्यार्थी." दुसरं काय सांगणार होतो? दर रविवारी हे माझ्याकडे जेवायचे आणि जेवताना माझ्याशी भांडायचे, असलं काही नातं सांगता येत नाही. त्याने मान डोलावली आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. मी वसईला परत आलो.

खरं सांगायचं तर मी तुमच्यावर रागावलेलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, पण तुम्ही रीत कुठे पाळलीत? एक प्रश्न मी तुम्हाला टांग्यात विचारला होता. त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. नंतर द्यायला तुमच्याकडे जीभ उरली नाही. त्या उत्तराशिवाय या खुर्चीचं काय करावं, ते मला आज सकाळपर्यंत समजत नव्हतं. ठेवावी, का तिच्या मूळच्या मालकाला, वसई गावातल्या न्हाव्याला, परत नेऊन द्यावी?

ती खुर्ची आणली तो दिवस आठवतो? न्हाव्याने धंदा मुलाच्या हाती दिला, मुलाने नवी खुर्ची घेतली आणि तुम्ही जुनी उचललीत. बैलगाडीतून ती पाचूबंदरला, आमच्या कोळीवाड्यात आली तेव्हा आमची आई दारात उभी होती. म्हणाली, "कोनाची रं ही खुर्ची, इनास? दात सोडून आता हजामत करनार काय तुमी?" तुम्ही त्यातच बसलात, मान मागे टाकलीत आणि म्हणालात, "माझ्यापासून सुरुवात करा." डोक्यावर तुमच्या केस होते कुठे? आई पदर तोंडाला लावून हसत आत गेली आणि तुमच्यासाठी बोंबील तळायला घेतले.

पण त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो. युद्ध संपलं त्या वर्षी मी तुमच्या वर्गात होतो. आपलं मुंबईचं कॉलेज तेव्हा नुसतं दात उपटण्याची शाळा होती. चिमटा कोण झटकन चालवतो यावर मुलांची पैज लागायची, आणि बाकी सगळं पुस्तकातून पाठ. अशा वर्गात पहिल्या दिवशी तुम्ही तिथल्या रुग्णाच्या खुर्चीत बसलात, तोंड उघडलंत आणि माझ्या हातात आरसा दिलात. मी घडाघडा पुस्तक म्हणून दाखवलं. तुम्ही तोंड मिटलंत. "छान. हे सगळं पुस्तकात आहे. माझ्या तोंडात काय आहे? बघून सांग."

मग बघितलं. खालचा एक पटाशीचा दात किंचित वळलेला. उजव्या बाजूला कीटण जास्त, डावीकडे कमी. "का?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "माहीत नाही, सर." तुम्ही टाळी वाजवलीत. "शाबास! या वर्गात आज पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. आता कामाला लागू." मी पुन्हा वाकून बघितलं, तर उजवीकडे मागची एक दाढ किडलेली. त्या बाजूने तुम्ही चावतच नव्हता, म्हणून तिथे कीटण साचलेलं. दाताचे एवढे मोठे प्रोफेसर आणि सुईला घाबरून स्वतःची दाढ तशीच ठेवलेली! सगळा वर्ग हसला, तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. ती दाढ तुम्ही शेवटपर्यंत काढून घेतली नाहीत.

त्या दिवशी मला काय मिळालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, तेव्हा आता सांगतो. मी पाचूबंदरच्या कोळ्याचा मुलगा. कॉलेजात मी बोललो की माझ्या 'पानी'वर हसायचे. म्हणून मी बोलायचंच बंद केलं होतं, सगळं पाठ करून ओकायचो आणि घरी यायचो. 'माहीत नाही' म्हटल्यावर मला कोणी शाबासकी देईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तुमच्यामुळे माझं तोंड उघडलं, सर. एवढं एक वाक्य जिवंतपणी तुमच्यासमोर बोलायला मला जमलं नाही.

पुढे मी तिथेच नोकरीला लागलो आणि तुम्हाला एका सणाला घरी जेवायला आणलं. किनाऱ्यावर माणसं जाळी विणत बसली होती. तुम्ही जाळ्यांकडे बघितलंच नाहीत. एक म्हातारा हसला आणि तुम्ही जागीच उभे राहिलात. त्याच्या पुढच्या दातांत वर आणि खाली समोरासमोर खाच होती. मी लहानपणापासून ती खाच बघत आलो होतो. आमच्याकडे वय झालं की दात असेच होतात, असं मला वाटायचं.

पुढच्या रविवारी तुम्ही चार विद्यार्थी घेऊन आलात. त्यातल्या एकाने कागदावर बेधडक लिहिलं, 'किडलेला दात.' तुम्ही त्याला ओरडला नाहीत. "विचारायचं नाही, आधी बघायचं," एवढं सांगून किनाऱ्यावर बसवलंत. बिचारा दुपारभर उन्हात बसला. चारच्या सुमारास पळत आला, नाक लाल झालेलं, आणि ओरडला, "सर, सूत! गाठ आवळताना ते सूत दातांत धरतात!" तुम्ही त्याला मिठी मारलीत. रात्रंदिवस पाठांतर करणारा तो मुलगा त्यानंतर एकही गोष्ट न बघता बोलेनासा झाला. वसईचा रविवार असा सुरू झाला. आमच्याकडे रविवारी होडी समुद्रात जात नाही, मिस्सा झाली की सगळे घरीच, त्यामुळे तोंडं बघायला तोटा नव्हता. कॉलेजात याला 'मोकाश्यांची सहल' म्हणायचे. तुम्ही म्हणायचा, "म्हणू दे. सहलीला निदान माणूस डोळे उघडे ठेवून जातो."

आपलं पहिलं भांडण रोजमावशीवरून झालं. ही आमची शेजारीण, बोलायला तिखट. मुलांनी तिची दाढ तीन बाजूंनी बघितली, कागदावर उतरवली आणि तिला 'आभारी आहोत' म्हटलं. ती खुर्चीतून उठेना. "बगून बगून दात बरा होते काय रं? मना दुकते नि तुमी आभार काय मानता?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "आज चिमटा काढला तर पोरं पुन्हा चिमट्यालाच चिकटतील. त्यांना बघायला शिकू दे." मी भडकलो. तुम्ही संध्याकाळी मुंबईला जाल, मला याच गल्लीत राहायचंय, ही माझी माणसं आहेत, तुमच्या अभ्यासाचे नमुने नाहीत. असलं बरंच बोललो. तुम्ही जेवला नाहीत त्या दिवशी. पण पुढच्या रविवारी येताना चिमटे, औषधं सगळं घेऊन आलात आणि माझ्याकडे न बघता मुलांना सांगितलंत, "दुपारपर्यंत बघायचं. दुपारनंतर ज्याचं दुखतं त्याचं काम करायचं. कोणालाही दुखतं ठेवून परत जायचं नाही." मी जिंकलो असं मला वाटलं. तुम्ही मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिलात की माझं म्हणणं अर्धंच बरोबर होतं. दुसरं अर्धं काय, ते राहूनच गेलं.

तंबाखूचं भांडणही तसंच राहिलं. बायकांना मिशरी सोडा म्हणून तासभर समजवायचं, आणि जेवण झालं की माझ्या ओटीवर बसून पान, त्यात चिमूटभर तंबाखू, डाव्या गालात. मी बोललो की म्हणायचा, "रविवारचं एकच." इतर दिवशी तुमच्यावर लक्ष ठेवायला कोण होतं? तुमच्या पत्नी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पुतण्या सणावाराला यायचा.

मग आई गेली. घरात मी एकटा उरलो. त्यानंतर आठवड्याचे सहा दिवस या घरात आवाज नसायचा. कॉलेजातून येऊन दिवा लावायचा, भाताचं भांडं चढवायचं, झोपायचं. रविवारी मात्र टांगा दारात उभा राहायचा, चार पोरं उड्या मारायची आणि तुम्ही शेवटी, गुडघा धरत उतरायचा. नवे पैसे आले तरी टांगेवाल्याशी तुम्ही आण्यांतच हुज्जत घालायचा. तो आवाज आतल्या खोलीत ऐकू आला की मी चहाचं आधण ठेवायचो.

आता त्या दिवसाकडे येतो.

इतक्या वर्षांत तुमच्या तोंडाचा कार्यक्रम होऊन बसला होता. नव्या मुलांचा पहिला रविवार म्हणजे सरांचं तोंड. होस्टेलातली मोठी मुलं धाकट्यांकडून ते आदल्या आठवड्यात घोकून घ्यायची. खालचा डावा पटाशीचा दात किंचित वळलेला, उजव्या बाजूला कीटण जास्त, उजवीकडची दाढ किडलेली, सबब रुग्ण डावीकडून चावतो. सगळ्यांचा क्रम एक, शब्द एक. पाठांतर मोडायला तुम्ही जे सुरू केलंत त्याचंच पोरांनी पाठांतर केलं, आणि तुम्ही आ करून ते ऐकत बसायचा. विद्यार्थ्यांना वाटायचं, मागच्यांनी बघितलंय. मला वाटायचं, विद्यार्थी बघताहेत.

गेल्या वर्षी कमल आली. आगाशीची राऊतांची मुलगी, वर्गात एकटीच मुलगी, घरून येऊन-जाऊन करणारी. होस्टेलचं बाळकडू तिला मिळालंच नव्हतं. तिने आरसा घेतला आणि बघायला लागली. बघतच राहिली. मागे मुलं खाकरायला लागली. ती तुम्हाला म्हणाली, "सर, जीभ वर करा." मग बोट घालून चाचपलं. आणि अगदी हळू म्हणाली, "जिभेखाली डाव्या बाजूला पांढरा चट्टा आहे. त्याची कड टणक लागते. हे काय आहे मला माहीत नाही, सर."

मुलं हसली. असलं काही उत्तरात नव्हतंच. असा चट्टा म्हणजे काय हे मला माहीत होतं. तुम्हालाही होतं. तुम्ही तोंड मिटलंत, खुर्चीतून उठलात, त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "शाबास." तुमचा चेहरा असा खुलला होता की कोणी बाहेरून बघितलं असतं तर वाटलं असतं, घरात बारसं आहे.

स्टेशनवर तुम्हाला सोडायला मी टांग्यात बसलो. मुलं पुढच्या टांग्यात होती. मी विचारलं, "सर, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"पोरीने नुसत्या आरशावर भागवलं नाही, बोटाने चाचपलं. पाहिलंस?"

"मी काय विचारतोय?"

"तिला सांग, मुंबईत शिकण्यासारखं फार नाही. डोळे असेच ठेव म्हणावं."

"तुम्ही मुद्दाम गप्प राहिलात? कोण बघतो याची वाट बघत बसलात? जिवाची परीक्षा लावलीत की काय?"

टांगेवाल्याने मागे वळून बघितलं, इतका मी ओरडत होतो. तुम्ही माझ्या गुडघ्यावर थोपटलंत. "इनास, आज माझा आनंद घालवू नकोस."

बस. एवढंच. पुढे परळचं कॅन्सरचं इस्पितळ, रेडियमच्या सुया. ज्या माणसाने एका सुईच्या भीतीने दाढ ठेवली होती त्याच्या जिभेत त्या टोचल्या. मी रोज दुपारी यायचो. बोलणं बंद झालं होतं. एकदा तुम्ही खूण करून मला जवळ बोलावलंत आणि मोठ्या कष्टाने तोंड उघडलंत. मला कळलं काय हवंय. मी खिडकीकडून उजेड येईल असा वाकलो आणि पहिल्या दिवसासारखं बघून सांगायला लागलो. जे होतं ते सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता, आणि माझं संपल्यावर तुमची दोन बोटं चादरीवर वाजली. टाळी वाजवायची ताकद नव्हती. टांग्यातला प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याला काय विचारायचं?

तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. इतके दिवस तोच घेऊन बसलो होतो. हा माणूस माझ्या ओटीवर, माझ्या समोर, दर रविवारी मरण तोंडात घेऊन बसला आणि मला बोलला नाही, असं वाटलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. मी कोण होतो मग तुमचा? पुतण्याने विचारलं तेच मी स्वतःला विचारत होतो. म्हणूनच रविवार बंद केला.

तर आज सकाळी फडकं हातात घेऊन उभा होतो तेव्हा टांगा वाजला. कमल उतरली. मागोमाग चार नवी पोरं.

"बंद म्हणून सांगितलं होतं ना?" मी म्हटलं.

"तुम्ही सांगितलंत, सर. मी हो कुठे म्हटलं?"

"आणि या खुर्चीत कोण बसणार?"

कमलने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. शेजारच्या ओटीवरून रोजमावशी ओरडली, "बस की रं इनास! खुर्ची काय चावते काय तुला?"

बसलो. मान मागे टाकली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी कधीच बसलो नव्हतो. तिथून वासे दिसतात आणि आईने टांगलेली कांद्याची रिकामी शिंकाळी दिसते. आ करून तुम्ही हेच बघत होता तर.

गुप्ते नावाचा उंच मुलगा पुढे आला. आरसा माझ्या तोंडात घातला, डोळे गच्च मिटले आणि सुरू झाला, "खालचा डावा पटाशीचा दात किंचित वळलेला. उजव्या बाजूला कीटण जास्त. उजवीकडची दाढ किडलेली, सबब रुग्ण डावीकडून..."

सर, तुमचं तोंड! पोरगा घाबरून तुमचंच तोंड म्हणत होता. जे तोंड मी स्मशानात पोचवून आलो ते इथे माझ्या ओटीवर दाताबिताच्या खोडींसकट पुन्हा उभं राहिलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. आ केलेल्या माणसाला धड दोन्हींतलं काही करता येत नाही.

"गुप्ते," कमल म्हणाली, "बघून सांग."

त्याने डोळे उघडले. आरसा एकेका दातावरून फिरवला. मग अडखळत बोलायला लागला. "सरांचे सुळे सपाट झालेत. टोकंच नाहीत. मागच्या दाढाही घासल्यात, चकचकीत दिसतात. वरचं खालच्यावर बरोबर बसतं. सुताची खाच नाही ही." त्याने माझ्या कानाखाली दोन्ही बाजूंनी बोटं दाबली. "इथे दाबलं की सर डोळे मिटतात. म्हणजे दुखतं." आरसा बाहेर काढून त्याने विचारलं, "सर, तुम्ही झोपेत दात खाता?"

मुलगा सरळ मनाचा, पुढे म्हणाला, "फार जोरात खात असणार. बाजूच्या माणसाला झोप लागणार नाही इतका आवाज होतो. घरात कोणी कधी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? आई गेल्यापासून या घरात माझ्या झोपेचा आवाज ऐकायला कोणी नाही. मी दाताचा डॉक्टर, दिवसाला वीस-पंचवीस तोंडं बघणारा, आणि माझे स्वतःचे सुळे झिजून सपाट झाले तरी मला पत्ता नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला खरंच माहीत नव्हतं."

आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर टांग्यातल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. त्या चट्ट्याचं तुम्हालाही माहीत नव्हतं, सर. तुमच्या घरात तरी कोण होतं? जीभ वर करा म्हणणारं माणूस तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं, आणि तुम्ही खुललात ते त्यासाठी. मी उगाच ओरडलो तुमच्यावर. प्रश्न मागे घेतो.

गुप्ते आरसा धरून तसाच उभा होता, काही चुकलं का म्हणून माझ्याकडे बघत. त्या जागी शाबास म्हणणारा माणूस आता नाही, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"शाबास," मी म्हटलं, आणि पुन्हा तोंड उघडलं. दुसऱ्या मुलाची पाळी होती.